साताऱ्याची स्वस्तातली सहल

आमच्या वर्गातली मुलं सायकली काढून पन्हाळ्याला जाऊन आली आणि पुढचा आठवडाभर त्यांनी आम्हाला जगणं नको केलं. जो तो पन्हाळ्याचंच बोलत होता. मुलींचा बाक कोपऱ्यात, भिंतीला लागून होता. तिथं बसून आम्ही सगळं ऐकायचो आणि आतल्या आत जळायचो. लढाईचे दिवस होते. रॉकेल मिळत नव्हतं, साखर रेशनवर होती, पण मुलांना हिंडायला कोण अडवणार?

सांगलीला वसतिगृहात आम्ही तिघी एका खोलीत राहायचो. एक तासगावच्या वकिलांची मुलगी, गोरी, नाजूक, दर वाक्याला ‘बाई गं’ म्हणणारी. दुसरी जतकडची. तिच्या घरी मेंढरं होती, तिच्या मराठीला कानडी हेल होता आणि ती कोणाच्या बापाला भीत नसे. तिसरी मी, वडूजजवळच्या एका वाडीची. आम्हीही एक शहर बघून येऊ, असं जतच्या मैत्रिणीनं ठरवून टाकलं. वसतिगृहाच्या बाईंची अट एकच होती, मुक्काम नातेवाइकांकडे हवा. आणि आमची अट होती की मुक्काम फुकटात हवा. दोन्ही अटींत बसणारं माणूस फक्त माझ्याकडे होतं. साताऱ्याला माझी आत्या राहायची. कधीही भेटली की म्हणायची, “कवा येतीस गं माज्याकडं?” मी कोणाच्या तरी हाती तिला निरोप धाडला की शुक्रवारी येते, दोन दिवस राहते, मैत्रिणी संगं आहेत.

माझी परिस्थिती इथं सांगायला हवी. वडील पलटणीत होते आणि तेव्हा ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर होते. जाताना ते चुलत्यांना बजावून गेले होते की पोरगी शिकेल तेवढी शिकू दे. चुलत्यांना आम्ही तात्या म्हणायचो. तात्यांनी तेव्हा मान हलवली, आणि वडिलांची पाठ वळल्यापासून ते माझ्यासाठी स्थळं बघत होते. आई त्यांच्या शब्दाबाहेर नव्हती. सुट्टीत गावी गेले की माझा जीव टांगणीला लागायचा, परत सांगलीला जायला मिळतं की नाही म्हणून. मला बी.ए. व्हायचं होतं. त्यापलीकडे मला काहीही नको होतं, सोनं नको, नाणं नको आणि नवरा तर मुळीच नको.

वसतिगृहाच्या स्वयंपाकीणकाकू कोरेगावला लेकीकडे निघाल्या होत्या, त्यांची सोबत मिळाली. मिरजेला गाडी बदलली. डब्यात इतकी गर्दी की जतची मैत्रीण एका टोपलीवर बसली आणि टोपलीतली कोंबडी वाटभर तिच्याशी भांडत होती. आम्ही भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा खाल्ला. वकिलांच्या मुलीनं चष्मा लावून, मोठ्या गंभीरपणे, काय काय बघायचं ते सांगितलं. आधी किल्ला, मग राजवाडा, मग माहुलीचा संगम, आणि शेवटी कंदी पेढे. इतकं हसलो आम्ही त्या गाडीत! काकू कोरेगावला उतरल्या. आम्ही पुढच्या स्टेशनावर उतरून कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारीनं साताऱ्यात पोचलो तेव्हा दिवे लागत होते. आत्यानं दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला. तिनं माझ्यावरून जरा जास्तच वेळ ओवाळला, पण तेव्हा मी ते मायेच्या खाती घातलं.

जेवायला शिरा होता. रेशनच्या दिवसांत शिरा! आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, जुने पेन्शनर होते. त्यांना कमी ऐकू यायचं. ते माझ्याकडे बघून नुसते हसत राहिले. वकिलांची मुलगी म्हणाली, “बाई गं, किती प्रेमळ आहेत सगळे.”

शनिवारी सकाळी आम्ही वेण्या घालून तयार झालो. शेजारच्या काकू किल्ला दाखवायला येणार होत्या. मी चप्पल पायात घातली, तशी आत्यानं माझा हात धरला.

“तू कुटं निगालीस?”

“किल्ल्यावर.”

“त्या पावन्या हायत, त्यांनी बगावं. घरच्या लेकीनं काय किल्ला बगायचा? तुला जलमभर बगायचाच हाय.”

मला वाटलं, गंमत करते आहे. मी हसले. तिनं हात सोडला नाही. मैत्रिणी दारात घोटाळल्या, मी त्यांना म्हटलं, तुम्ही व्हा पुढं, मी दुपारी राजवाडा बघायला येते. त्या गेल्या. आत्यानं दाराची कडी लावली. ते काही कुलूप नव्हतं, साधी कडी होती, माझा हात सहज पोचत होता. तरी त्या दोन दिवसांत मी त्या कडीला हात लावू शकले नाही.

मग माझी नुसती सरबराई सुरू झाली. तेल काय, शिकेकाई काय, ऊन पाणी काय. माझे केस आत्यानं स्वतः विंचरले. मागच्या परसातून अजिंक्यतारा दिसत होता. एवढा जवळ, की वर चालणारी माणसं मुंगीएवढी का होईना पण दिसत होती. त्यातल्या दोन मुंग्या माझ्या मैत्रिणी असणार, असं म्हणून मी डोळे फाडून बघत होते. तेवढ्यात आत्यानं आत बोलावलं. कासारीण आली होती. तिनं माझा हात दाबून दाबून बघितला आणि हिरव्या बांगड्या भरायला सुरुवात केली. एक, दोन, चार, भरतेच आहे. शेजारपाजारच्या बाया येऊन भिंतीला टेकून बसल्या. एकीनं मला उठून पाणी आणायला सांगितलं. मी आणलं. सगळ्यांनी माझी चाल बघितली आणि माझ्या हातचं पाणी प्यायल्या. कोणालाही तहान लागलेली दिसत नव्हती.

कासारीण जाताना म्हणाली, “लगनाच्या बांगड्या भराया मलाच बोलवा हं.”

मी आत्याकडे बघितलं. आत्या म्हणाली, “बोलवीन की. आता वेळ कुटाय? रजा संपत आली त्याची.”

मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं ते मधल्या खोलीतल्या खुंटीवरचं. खाकी कोट, आणि त्याच्याखाली भले मोठे बूट. माझा आतेभाऊ तिकडे दूर, इटलीत लढतो आहे, एवढंच मला ठाऊक होतं. त्याच्या दंडाला गोळी लागली, तो इस्पितळातून महिन्याच्या रजेवर घरी आला, हे मला कोणी कळवलं नव्हतं. मी येणार म्हणून आत्यानं रीत पाळून त्याला दोन रात्री तालमीत झोपायला पाठवलं होतं.

आमच्याकडे भावाच्या मुलीवर आत्याचा पहिला हक्क असतो. तिला लग्नाचा मुलगा असेल, तर बाहेर स्थळ बघण्याआधी तिला विचारावं लागतं. आणि म्हणूनच वयात आलेली मुलगी अशा आत्याच्या घरी आपणहून मुक्कामाला जात नाही. गेलीच, तर तिची ना नाही, असं सगळी भावकी समजून चालते. हे मला लहानपणापासून माहीत होतं. आमच्या वाडीत शेंबडं पोरही सांगेल. पण सांगलीला पुस्तकं वाचता वाचता, जेवणाच्या खोलीत चमच्यानं आमटी खाता खाता, ते माझ्या डोक्यातून साफ पुसलं गेलं होतं. माझ्या लेखी मी मैत्रिणींना फुकटात सातारा दाखवायला आले होते. आत्याच्या लेखी मी आपल्या पायानं तिच्या उंबऱ्यात आले होते, तेही तिचा मुलगा रजेवर असताना.

“आत्या,” मी म्हटलं, “मी तसं आले नाही गं.”

तिनं माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. “लाजू नगंस. तुजा निरोप आला तवा मी द्येवाला साकर ठिवली. मला वाटलं हुतं, शिकल्याली पोर, आमचं अडाणी घर, न्हाई म्हणंल. त्यात ह्यो परत लडाईवर जानार. पर तू आलीस. तात्याला सांगावा धाडलाय मी, उद्या सकाळच्या मोटारीनं येतुया. सुपारी फोडू.”

ती वाईट असती तर मी भांडले असते. जतच्या मैत्रिणीसारखी ओरडले असते. पण ही बाई आनंदानं रडत होती. मी चुलीपुढे जाऊन बसले. सातारा त्या भिंतींच्या पलीकडे होता, टांगे जात होते, कोणी बोंबील विकत होतं, कोणी पोराला हाका मारत होतं, आणि मी आत बसून लसूण सोलत होते.

संध्याकाळी मैत्रिणी उन्हानं लाल होऊन परत आल्या. वकिलांची मुलगी किल्ल्यावरच्या तळ्याचं सांगू लागली. मी तिच्यापुढे कोपरापर्यंत भरलेले हात धरले. तिला आधी कळेना. कळलं तेव्हा ती रडायलाच बसली, म्हणजे तिचीच समजूत मला घालावी लागली. जतची मैत्रीण रडली नाही.

“यव्वा! चल, उद्या सकाळी उटून जाऊ. मी बगते कोन अडवतंय.”

“आणि मग?” मी म्हटलं. “तात्या इथून तडक सांगलीला येतील. वडिलांचं नाव जाईल. आत्या तोंड कुठं लपवेल?”

तिनं थोडा विचार केला. “पोरीनं न्हाई म्हटलं तर नाक कापतंय. पोरानं न्हाई म्हटलं तर?”

“तर काय, राहिलं.”

“मग त्यालाच सांग की. त्याला तोंड हाय न्हवं?”

रविवारी सकाळी तो परसात हौदावर तोंड धुवायला आला. मी घागर घेऊन गेले. आतेभावाला आमच्याकडे दादा म्हणत नाहीत, कारण उघड आहे. त्यामुळे त्याला हाक कशी मारावी इथपासून माझी अडचण होती. तो उंच होता, बापासारखा हसरा, डावा हात जरा जपून हलवत होता. मी घागर हौदात बुडवली आणि पाण्याकडे बघत म्हणून टाकलं, “मला शिकायचं आहे. तुमी न्हाई म्हणा.”

तो दचकला. मग हळूच म्हणाला, “तू आपून आलीस, असं आई म्हनली.”

“मी किल्ला बघायला आले होते.”

तो हसायला लागला. मला इतका राग आला, की घागर त्याच्या डोक्यात घालावी असं वाटलं. त्याला ते दिसलं असावं. तो हौदाच्या काठावर टेकला.

“हसू नगं तर काय करू? आमीबी असंच गेल्तो. तिकडं दोन दिसांची रजा दिली, आमी चौगं शार बगाया गेलो. खिशात काय न्हाई, नुसतं चालत सुटलो. त्यांचं ह्ये एवडं मोटं देऊळ. आमी आपलं बूट काडलं दारात आनि हातात धरून आत गेलो. समदी हसाया लागली. एक म्हातारी तेवडी हसली न्हाई. तिनं घरी न्हेलं, शेवया खाऊ घातल्या, तिकटाच्या. तिचा ल्योक कुटं कैदंत हुता म्हनं. मग काय, सोडंनाच आमाला. दारात आडवी बसली. उटलो की रडायची, बसलो की वाडायची. शार ऱ्हायलं बाजूला. दोन दीस तिच्याच घरात.”

“मग सुटलात कसे?”

“न्हाई सुटलो. रजा संपली तवा निगालो.” त्यानं तोंडावरचं पाणी पुसलं. “आईचंबी तसंच झालंय. तिला वाटतंय, तुला घरात आनली की मी मागारी यीन. त्यात तुजा काय दोष? मी बगतो.”

मी घागर भरून घेतली. आभार मानायची आमच्यात रीत नाही, आणि मानायला मला सुचलंही नाही.

तात्या आले. संगं गावची दोन माणसं होती. घोंगडी अंथरली, पानाचं तबक मध्ये ठेवलं. मला आतल्या दारात बसवलं. माझ्या दोन्ही बाजूंना मैत्रिणी बसल्या, एक रडवेली आणि एक दात ओठ खाणारी. आत्यानं सुपारी हातात घेतली आणि मुलाला म्हणाली, “ये, बस.”

तो उभाच राहिला. म्हणाला, “मला पसंत न्हाई.”

कोणाला ऐकू आलंच नाही जणू. त्यानं पुन्हा मोठ्यानं सांगितलं, कमी ऐकणाऱ्या आतोबांनाही कळेल असं. “मला पसंत न्हाई पोरगी. रंगानं सावळी हाय. लय शिकल्याली हाय. असली बायकू मला नगं.”

मीच त्याला सांगितलं होतं, तरी ते शब्द मला लागले. खोटं कशाला बोलू? भरल्या माणसांत कोणी आपल्याला सावळी म्हणून टाकून देतं, तेव्हा ते ठरवून बोललेलं आहे हे मनाला पटत नाही. आत्या उठली आणि तिनं त्या एवढ्या मोठ्या सोल्जराच्या थोबाडीत मारली. तो हलला नाही.

मला वाटलं, सुटले. तेवढ्यात तात्या उठले.

“झालं आमचं कल्याण,” ते म्हणाले. “उट गं पोरी. पिशवी घे. आता गावाकडं चलायचं. नाकारल्याली पोरगी हास्टेलात ठिवून लोकांच्या तोंडी देऊ काय? मिळंल ते स्थळ बगतो आनि ह्या म्हयन्यात उजवून टाकतो.”

हे आमच्या तिघींच्याही डोक्यात आलं नव्हतं. चौथ्याच्या, म्हणजे त्याच्याही आलं नव्हतं. मी त्याच्याकडे बघितलं, त्यानं माझ्याकडे बघितलं, आणि त्याचा चेहरा पडला. आता तो पसंत आहे म्हणाला तरी मी अडकले आणि नाही म्हणाला तरी अडकले. तात्यांनी माझी पिशवी स्वतःच उचलली. सांगलीची खोली, खिडकीतलं माझं टेबल, अर्धवट राहिलेला तर्कशास्त्राचा धडा, सगळं एका क्षणात माझ्या हातचं गेलं.

“ठिव ती खाली,” आत्या म्हणाली.

“आवं आक्का, आता काय ऱ्हायलं बोलायचं?”

“ठिव म्हनते न्हवं.” आत्या तात्यांची थोरली बहीण होती, तिनं त्यांना कडेवर घेऊन वाढवलं होतं. तात्यांनी पिशवी खाली ठेवली. “माज्या उंबऱ्यात माज्या भावाच्या लेकीचा अपमान झालाय. त्यो माज्या पोरानं केलाय. आता हिचं काय करायचं ते मी ठरीवनार. ही माजीच हाय. आज न्हाई म्हंतोय, लडाई बगून डोस्कं फिरलंय त्याचं. मागारी आला की बगते कसा न्हाई म्हंतो. तवर दुसरीकडं स्थळ बगायचं न्हाई. त्यो येऊस्तवर ती शिकंल.”

“आनि लोक काय म्हनतील?”

“लोकांना माज्याकडं धाड.”

मुलगा काही बोलायला गेला. आत्यानं त्याच्याकडे नुसतं बघितलं. त्याच दुपारी आम्ही तिघी निघालो. मोटारीच्या खिडकीतून राजवाड्याची एक कड मला दिसली, तेवढाच माझा सातारा. जतच्या मैत्रिणीनं माझ्यासाठी एक पेढा पदरात बांधून ठेवला होता. गाडीत तिनं तो दिला. गोड होता, पण मला तो गिळायला पाणी लागलं.

मी सुटले होते, आणि सुटले नव्हते. तो येईपर्यंत मी शिकणार होते. म्हणजे तो आला की माझं शिकणं संपणार होतं. तो आठवड्यानं लढाईवर परत गेला. वर्गात बसून मी नकाशात ते देश बघायची. तो सुखरूप असावा असं मला मनापासून वाटायचं, कारण माझ्यासाठी तो भर सभेत आईच्या हातचा मार खाऊन गप्प उभा राहिला होता. आणि तो तिकडेच राहावा असंही मला तितकंच मनापासून वाटायचं. इकडे वर्तमानपत्रात लढाई संपत आल्याच्या बातम्या यायच्या. मुलं टाळ्या पिटायची, आणि मी पुस्तकात डोकं खुपसायची. रात्री अभ्यास करताना मी घाई करायची, कोणीतरी पाठीमागून येऊन पुस्तक मिटणार आहे अशी. आत्या कोणाबरोबर तरी निरोप पाठवायची, “शिकनं कुटवर आलं?” मला त्या प्रश्नाची भीती वाटायची.

उन्हाळा लागता लागता साताऱ्याला तार आली. इटलीतली लढाई संपायला थोडेच दिवस उरले असताना तो गेला होता.

मी गेले. ह्या वेळी बाईंनी सोबत कोण, मुक्काम कुठं, काही विचारलं नाही. दार सताड उघडं होतं. आतोबा ओट्यावर बसले होते आणि येणाऱ्या प्रत्येकाकडे सवयीनं हसून बघत होते. आत्या आतल्या कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले. तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. मला तिला सांगायचं होतं की तुझ्या मुलाला मी नापसंत नव्हते, मीच त्याला तसं म्हणायला लावलं. तोंडाशी आलेलं मी तोंडातच ठेवलं, कारण तिनं ते ऐकावं तरी कशासाठी?

भेटायला आलेली माणसं पांगली, तेव्हा तात्या माझ्यापाशी आले. त्यांचाही आवाज बसला होता. ते कठोरपणे बोलले नाहीत, आणि म्हणूनच मला कळलं की आता वाद नाही.

“चल पोरी. आता थांबून काय करायचं? सांगलीचं सामान मागनं आणू.”

मी उठले. मैत्रिणी नव्हत्या, वडील नव्हते, आणि ज्याच्या येण्यावर माझं शिकणं टांगलेलं होतं तोही नव्हता. मी पदर खोचला. कोपऱ्यातून आत्याचा आवाज आला. इतका बारीक, की तात्यांना वाकून ऐकावं लागलं.

“मी काय म्हनले हुते तुला?”

“आक्का, आता कशाला...”

“काय म्हनले हुते? त्यो येऊस्तवर ती शिकंल. म्हनले हुते का न्हाई?”

“व्हय.”

“आलाय का त्यो?”

तात्यांनी उघड्या दाराकडे बघितलं.

“न्हाई न्हवं आला? मग शिकू दे तिला.”